मडक्यावरचे नाव

ग्रीस देशात २५०० वर्षांपूर्वी पाणी, तेल, दारू ठेवायला चित्रे काढलेली मडकी असत. एक्सेकियास या कारागिराने मडक्यांवर स्वतःचे नाव लिहिले, म्हणून आज तो जगाला ठाऊक आहे.

आपल्याकडेही अशी रंगीत भांडी होती. पुणे जिल्ह्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. सुमारे ३००० वर्षांपूर्वीची तांबडी, काळ्या रेघांची, तोटीची भांडी निघाली. लेकरू दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवीत आणि घरातच पुरीत. एवढ्या मायेची ही भांडी. पण घडवणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

राजांच्या बखरी झाल्या. राबणाऱ्यांचा इतिहास खापरांतच शोधावा लागतो, असे आम्हांस वाटते. म्हणून बंधू-भगिनींनो, कुरुंदवाडच्या शिवारात कामाला गेल्यावर रंगीत खापर दिसले तर फेकू नका. जागा लिहून ठेवा, शाळेत गुरुजींना दाखवा.