बारा ग्रॅमची तूट



दुसऱ्यांचे ताळेबंद तपासण्यात माझे बँकेतले सारे आयुष्य गेले. घरच्या ताटाचाही ताळेबंद असतो, हे मात्र निवृत्तीनंतर, तेही एका अपघातामुळे उमगले. गेल्या हिवाळ्यात आमच्या सौ. दाराची पायरी उतरताना पडल्या आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. यथावकाश हाड जुळले. परंतु प्लास्टर काढल्यावर दुधाचे पातेले त्यांच्याने उचलवेना. डॉक्टरांनी दंड चाचपून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "आजी, दिवसभरात प्रथिने किती घेता?" त्याचे उत्तर आम्हा दोघांपाशी नव्हते.

सवयीप्रमाणे मी वही उघडली आणि सात दिवसांचा रोजमेळ ठेवला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. सौ.चे वजन ५२ किलो. म्हणजे गरज सुमारे ४३ ग्रॅमची. जमेच्या बाजूस चार पोळ्यांचे १४, वाटीभर वरणाचे ६, पेलाभर दुधाचे ६, भाताचे ३ आणि भाजीचे २, एकूण ३१. तूट १२ ग्रॅमची, आणि तीही रोजची! नवकारशीनंतर खाणे सुरू, सूर्यास्तापूर्वी बंद. त्यात वयामुळे भूक मंदावलेली. अशा वेळी ताट वाढवता येत नाही, ताटातला कस वाढवावा लागतो.

उपाय सुचवला तो एकोणीस वर्षांच्या नातवाने. व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून त्याच्या खोलीत प्रोटीन पावडरचा डबा होता आणि त्या डब्यावरून आजी-नातवात अबोला होता. कारणही तसेच होते. त्याच्या खिशात एकदा परदेशी प्रोटीन बारचे वेष्टन सापडले आणि त्यावरील घटकांत जिलेटिन होते. त्याने ते वाचलेच नव्हते. तेव्हापासून डबाबंद वस्तूंवरचा आजीचा विश्वास उडाला, आणि नातूही बाहेरच खाऊन उशिरा घरी येऊ लागला.

"आजी, या डब्यावर हिरवा ठिपका आहे, बघ तरी," तो म्हणाला. सौ. उत्तरल्या, "ठिपका सरकारचा, स्वयंपाकघर माझे."

त्यांचे म्हणणे नियमांच्या दृष्टीनेही खरे आहे. हिरव्या चिन्हाचा अर्थ पदार्थात मांस, मासे, अंडी वा प्राण्यांपासून मिळणारे इतर बहुतेक घटक नाहीत एवढाच. दूध आणि मध तर त्या चिन्हाखाली चालतातच, पण गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणणारे, लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅकही चालते. कांदा, लसूण वा बीट यांची पूड असली तरी चिन्ह हिरवेच राहते. तेव्हा चिन्ह पाहून थांबू नये. घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर वा माल्टोडेक्स्ट्रिन पहिल्या क्रमांकावर असेल, तर आपण प्रथिनांच्या भावात साखर घेत आहोत असे समजावे. व्यापारी घरांना याहून अधिक सांगणे नलगे.

आणखी एक शंका राहते. व्हे प्रोटीन म्हणजे दूध फाडल्यावर उरणारी निवळी गाळून व वाळवून केलेली भुकटी. बहुतेक व्हे चीजच्या कारखान्यांतून येते, आणि चीजसाठी दूध फाडण्यास काही ठिकाणी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, तर काही ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून केलेले. डब्यावर हा खुलासा सहसा नसतो. नातवाने कंपनीला पत्र लिहून विचारले; सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरतो, असे लेखी उत्तर आले. ते उत्तर वाचून सौ.नी डबा स्वयंपाकघरात येऊ दिला.

नातवाला त्या पावडरीचे मफिन करायचे होते. पहिला घाणा पार फसला. उत्साहाच्या भरात त्याने निम्म्या पिठाऐवजी पावडर घातली आणि ओव्हन १८० अंशांवर ठेवला. बाहेर आले ते रबरी बूच! कारण साधे आहे. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, तो वाफ धरून ठेवतो आणि पदार्थ हलका होतो. व्हेमध्ये तो नाही; उष्णता लागताच ते घट्ट होते, ओलावा सोडते आणि लवकर करपते. म्हणून एक चतुर्थांशाहून अधिक पिठाची जागा पावडरीला देऊ नये, ओलावा वाढवावा आणि आच कमी ठेवावी. दुसऱ्या खेपेस त्याने डाळीचे पीठ व दही एकत्र करण्याचे ठरवले, तेव्हा द्विदलाचा दोष सांगून सौ.नी डाळ वगळली आणि बदाम घेतले. अबोला सुटला तो बहुधा याच वादात.

आता आमच्या घरी ठरलेले प्रमाण देतो. यात सहा लहान मफिन होतात. चाळलेली कणीक ९० ग्रॅम, स्वाद व गोडी नसलेली व्हे पावडर ३० ग्रॅम, बदामाची पूड ४० ग्रॅम, एक लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खाण्याचा सोडा, मीठ व वेलदोड्याची पूड हे सर्व एकत्र चाळावे. ७० ग्रॅम गूळ ६० मिलिलिटर कोमट दुधात विरघळवून गाळावा. दूध कढत असू नये, नाहीतर फाटते. त्यात १०० ग्रॅम दही व ३५ ग्रॅम पातळ तूप घालावे. ओले व कोरडे मिश्रण हलक्या हाताने, पीठ दिसेनासे होईपर्यंतच कालवावे. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर सुमारे २० मिनिटे भाजावे. काडी घालून पाहावी. तिला दोन-चार ओलसर कण चिकटलेले असतानाच मफिन बाहेर काढावेत.

एका मफिनमध्ये सुमारे ८ ग्रॅम प्रथिने येतात. पावडर न घालता केवळ कणकेचे केले असते तर साडेचारच्या आसपास आली असती. त्याखेरीज दुपारी २० ग्रॅम फुटाणे, त्यांचे ४ ग्रॅम. बाराची तूट भरून निघाली. भाजल्याने प्रथिने 'मरतात' हा समज खरा नाही. उष्णतेने त्यांची घडण बदलते, पोषण जवळजवळ तेवढेच राहते. आपले वरणही शिजवूनच खातो की!

खर्चाची बाजू लपवणे लेखापालाला शोभत नाही. प्रत्येक मफिनमध्ये सुमारे १२ ग्रॅम गूळ आहे, म्हणून दिवसाला एकच. मधुमेह असेल तर गूळ आणखी कमी करावा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडरीला हातही लावू नये. आणि ज्याच्या पोटात डाळ, दूध, शेंगदाणे भरपूर जात असतील, त्याला या डब्याची गरज नाही. तूट नसताना कर्ज कशाला काढायचे?

हा पदार्थ ओलसर असल्याने आमच्या घरी तो रात्रभर ठेवत नाहीत. साहाचे सहा सूर्यास्तापूर्वी संपवायचे, म्हणून ज्या दिवशी भट्टी लागते त्या दिवशी नातू पाचच्या आत घरी येतो. महिन्यापूर्वी सौ.नी दुधाचे पातेले स्वतः उचलून ओट्यावर ठेवले. श्रेय हाताच्या व्यायामाचे किती, आहाराचे किती, याची विभागणी मला करता येत नाही. वहीत मी फक्त तारीख लिहिली.

आपल्या घरीही साठी उलटलेली आई, आजी, काकू असेल. ती सर्वांना वाढते आणि शेवटी उरलेले खाते. दुकानाची रोकड आपण रोज मोजतो. तिच्या ताटाचा रोजमेळ एकदा, निदान सात दिवस, लिहून पाहावा.