शिबिराला पेटी न्यायची का?

मे उजाडला की होटगीतली आमची पोरं ख्रिस्ती युवा शिबिराला निघतात आणि येताना गिटारवरची इंग्रजी गाणी घेऊन येतात. आजीला त्यातलं अक्षर कळत नाही!

ही पद्धत अमेरिकेतली. १८८५ मध्ये वायएमसीएच्या समनर डडली यांनी न्यूयॉर्क राज्यात सात मुलांना तळ्याकाठी मुक्कामाला नेलं. शहरातल्या पोरांना मोकळी हवा हवीच. होटगीच्या पोरांना हवेची काय कमी? (उन्हाचं तर विचारूच नका.) कमी पडतंय ते भजन. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. ख्रिस्तावर मराठीत भजनं, कीर्तनं रचली.

हे मी शिबिरवाल्यांना बोललो. 'मुलं कंटाळतात,' म्हणाले. अहो, शिकवून बघितलंत का कधी?

यंदा पुतणीबरोबर पेटी पाठवतोय. बघू, ठेवून घेतात का.