कण कोणाच्या मुखातून जन्मले?

जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत नोव्हेंबर २०१० मध्ये शिशाची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळवली गेली. एकेका टकरीतून हजारो नवे कण जन्मले. ते ब्रह्मदेवाच्या मुखातून वा पायातून आले नाहीत. टकरीच्या ऊर्जेचेच वस्तुमान झाले. कारणाशिवाय कार्य नाही, ही तर तथागतांची शिकवण! तिथल्या ‘ॲलिस’ प्रयोगात मुंबईची आयआयटीही आहे. आमचा सवाल असा की, वणी, पांढरकवड्याची आमची लेकरे तिथवर कधी पोहोचणार? संविधानाचे कलम ५१क वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकांचे कर्तव्य मानते. मग यवतमाळच्या खेड्यातील शाळेला प्रयोगशाळा देणे आणि विज्ञान संस्थांतील राखीव जागा पूर्ण भरणे, हे सरकारचे कर्तव्य नव्हे काय? बांधवांनो, हा जाब विचारलाच पाहिजे!