चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर, गुरुजी मतदार यादीवर

परिपाठ, मराठी, गणित, खिचडी, सुट्टी. जिल्हा परिषद शाळेत हा क्रम मोडला तर बाकीच्या मुलांना मजाच वाटते. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलाचं तसं नसतं. पुढे काय होणार हे कळलं नाही की ते कान झाकतं, रडतं, वर्गाबाहेर पळतं. मग ‘पोरगं हट्टी आहे’ असा शिक्का बसतो.

यावर चित्रांच्या वेळापत्रकाचा चांगला उपयोग होतो. पुठ्ठ्यावर दिवसभराची चित्रं ओळीने लावायची. एक काम झालं की मुलाने ते चित्र काढून पाकिटात टाकायचं. ‘आधी गणित, मग झोका’ असं दोन चित्रांचं कार्डही चालतं. बोललेलं विरून जातं, चित्र समोर राहतं. खर्च नावापुरता.

घोडं अडतं दुसरीकडेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिकसाठी दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. पण खेड्यात अशी दहा मुलं एका शाळेत कुठं असतात? एकेका गावात एखादं. त्यामुळे विशेष शिक्षक फिरता, रोजचं काम वर्गशिक्षकावरच. आणि दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेले की सगळे वर्ग एकत्र बसतात, क्रम कोलमडतो.

बदलाचंही चित्र लावता येतं, ‘आज गुरुजी नाहीत, बाई आहेत’. पण गुरुजींनाच आदेश रात्री व्हॉट्सॲपवर आला, तर बाईंनी ते चित्र तयार करायचं कधी?