आळ घेण्याचा अधिकार

घरातील सोन्याची साखळी दिसेनाशी झाली की शोधाचा आरंभ कोठून करावयाचा, हे सुखवस्तू घरांत आधीच ठरलेले असते. मुलगा, सून, जावई, चार दिवस राहून गेलेले पाहुणे यांच्यापैकी कोणाकडेही न वळता बोट वळते ते आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईकडे. कालपर्यंत जिला ‘मावशी’ म्हणून हाक मारली जात होती, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे अंग पुसणे, मलमूत्र काढणे, रात्री दोनची गोळी देणे हे सारे जिच्यावर निर्धास्तपणे सोपविले जात होते, ती एका दूरध्वनीसरशी ‘संशयित’ ठरते. नात्याची ही हाक पगारवाढीची गोष्ट निघाली की फार उपयोगी पडते. पोलीस ठाण्यात मात्र तिचा उच्चार करताना आम्ही कोणालाही ऐकलेले नाही.

तिरुवनंतपुरमच्या पेरूरकडा पोलीस ठाण्यात २३ एप्रिल २०२५ रोजी जे घडले, त्याचा विचार या संदर्भात करणे आम्हांला आवश्यक वाटते. घरकाम करून पोट भरणाऱ्या एका दलित स्त्रीवर मालकिणीने साखळी चोरल्याचा आरोप केला. पोलिसांनी तिला ठाण्यात आणले, रात्रभर बसवून ठेवले. पिण्यासाठी पाणी मागितले तेव्हा शौचालयातले पाणी पिण्यास सांगण्यात आले, आणि गुन्हा कबूल केला नाहीस तर मुलींनाही गुंतवू अशी धमकी देण्यात आली, अशी तिची तक्रार आहे. साखळी पुढे मालकिणीच्या घरातच सापडली. पण साखळी सापडली म्हणून प्रकरण मिटले नाही. ज्यांनी तिला रात्रभर ठाण्यात बसविले होते, त्यांनी तिची क्षमा मागण्याऐवजी, आपली तपासकथा खरी दिसावी म्हणून दागिना घराबाहेर सापडल्याचे दाखविण्याचा खटाटोप केला, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले. प्रकरणाचा गवगवा झाल्यावर एका उपनिरीक्षकाला निलंबित करण्यात आले, आणि पुढे मालकीण व पोलीस यांच्यावरही गुन्हा नोंदवावा लागला. ही स्त्री घरकामगार होती, रुग्णसेविका नव्हती, हे खरे. परंतु ठाण्याचा उंबरठा ओलांडल्यावर हा भेद उरत नाही.

त्या वेळी केरळात डाव्या आघाडीचे सरकार होते. ही गोष्ट आमच्या वाचकांपासून लपविण्याची आमची इच्छा नाही; किंबहुना ती मांडण्यासाठीच हा प्रसंग आम्ही निवडला. उत्तर प्रदेशात किंवा दिल्लीत असे काही घडले असते तर अग्रलेख लिहिणे सोपे गेले असते. याच केरळात १९५७ साली ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या मंत्रिमंडळाने मालक आणि मजूर यांच्या वादात पोलिसांनी मालकाची बाजू घेऊन उतरू नये असे धोरण जाहीर केले होते, आणि त्याबद्दल देशभरच्या भांडवलदारी वृत्तपत्रांनी गहजब केला होता. त्या मंत्रिमंडळात कायदा, गृह आणि तुरुंग यांसारखी खाती सांभाळणारे व्ही. आर. कृष्ण अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात त्यांनी असा निर्णय दिला की, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क न्यायालयाच्या कठड्यात नव्हे, तर पोलिसांच्या चौकशीतच सुरू होतो. आणि स्त्रीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावणे हा कायद्याचा भंग आहे. नंदिनी सत्पथी ओरिसाच्या मुख्यमंत्री राहिलेल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षांनी, त्याच कृष्ण अय्यरांच्या केरळात, हा निर्णय एका घरकामगार स्त्रीपर्यंत पोहोचू शकला नाही.

यावरून सरकार कोणाचे आहे याला काहीच महत्त्व नाही असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. निलंबन झाले, चौकशी झाली, सत्य बाहेर आले. इतरत्र एवढेही अनेकदा होत नाही. पण सचिवालयात कोण बसले आहे यावरून ठाण्यातील उपनिरीक्षकाची नजर आपोआप बदलत नाही. बंगल्यातून आलेला दूरध्वनी त्याला पुरावा वाटतो आणि वस्तीतून आलेल्या बाईचे उत्तर त्याला बनाव वाटतो. या नजरेचा उगम त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा कायद्याच्या पुस्तकात शोधावा.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली, तेव्हा गुलामगिरीच्या खुणा पुसल्याचा मोठा डांगोरा पिटला गेला. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३८१ मात्र कलम ३०६ या नव्या क्रमांकाने जसेच्या तसे जिवंत आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास. कारकुनाने किंवा नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत. साध्या चोरीच्या कलमात आणखी एक सवलत नव्याने घालण्यात आली आहे: पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी, गुन्हा पहिलाच आणि वस्तू परत केलेली असेल, तर समाजसेवेची शिक्षा. नोकराच्या कलमात ही सवलत नाही. विश्वासघात अधिक गंभीर, असे याचे समर्थन केले जाते. मग मालकाने दोन महिन्यांचा पगार बुडविला तर तो कोणाचा विश्वासघात? त्याला कोणतीही संहिता चोरी म्हणत नाही, आणि त्यासाठी कोणाच्याही दारात पोलीस गाडी उभी राहत नाही.

तरीही याच कायद्यात, चळवळींच्या आणि खटल्यांच्या रेट्यामुळे, काही संरक्षणे शिरली आहेत. ती कार्यकर्त्यांनी तोंडपाठ केली पाहिजेत, म्हणून येथे थोड्या विस्ताराने देतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात केवळ आरोप झाला म्हणून अटक करता येत नाही. अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हे बजावले, आणि कलम ३०६ बरोबर या मर्यादेत बसते. अटकेची गरज नसेल तेथे पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी नोटीस देऊन बोलवावयाचे असते. “जरा ठाण्यावर चला, साहेबांना विचारायचे आहे” ही नोटीस नव्हे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करावयाची झाल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी कारणे देऊन दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावयाची. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा १८७२ पासूनचा नियम नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. अटक झालेल्या व्यक्तीला चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. आणि १९८७ च्या विधि सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. पेरूरकड्याच्या त्या रात्री यांपैकी एका गोष्टीचीही आठवण देणारा माणूस त्या बाईजवळ असता, तर ती रात्र कदाचित वेगळी गेली असती.

रुग्णसेवेचे काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती घरकामगारांहूनही एका अर्थाने अधिक नाजूक आहे. घरकामगार दोन तासांत निघून जाते. ही बाई बारा तास, कित्येकदा चोवीस तास त्याच खोलीत असते. कपाट तिच्या समोर, चाव्या उशाखाली, आणि ज्याच्या दागिन्यांचा वा पैशांचा प्रश्न आहे तो माणूस अनेकदा स्मृतिभ्रंशाने ग्रासलेला. आपली वस्तू कोणीतरी चोरली असे वाटू लागणे हे या आजाराचे वैद्यकशास्त्राला परिचित असलेले लक्षण आहे. म्हातारी स्वतःच अंगठी रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते, विसरते, आणि जी सतत डोळ्यांसमोर असते तिचेच नाव घेते. यात त्या म्हातारीचा दोष नाही. पण हे लक्षण आहे हे मुलांना डॉक्टरांनी सांगितलेले असते. उपनिरीक्षकाला कोणी सांगत नाही. ज्या रोगाची शुश्रूषा करावयाची, त्याच रोगाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे, असा हा व्यवसाय आहे.

आणि तिला तेथे पाठविणारा कोण? मुंबई-पुण्यात त्याला ब्युरो म्हणतात, कलकत्त्यात आया सेंटर. केरळात होम नर्स पुरविणाऱ्या संस्था आहेत. तिच्या रोजच्या कमाईतून दलाली कापून घेताना ती ब्युरोची माणूस असते. आळ आला की ब्युरो म्हणतो, आम्ही केवळ गाठ घालून देतो, ती आमची नोकर नव्हे. घरवाले म्हणतात, आम्ही तिला ओळखत नव्हतो, ब्युरोने पाठविली. अशा रीतीने तिला मालक उरत नाही. फक्त फिर्यादी उरतो. पुढे ती निर्दोष ठरली तरी तिचे नाव ब्युरोच्या वहीतून गेलेलेच असते, आणि त्या बुडालेल्या दिवसांची मजुरी मागावयाची कोणाकडे, याचे उत्तर कोठेही लिहिलेले नाही.

घरकामगारांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार जून २०११ मध्ये संमत झाला. भारत सरकारने त्याच्या बाजूने मत दिले, आणि त्याला मान्यता देण्याचे मात्र टाळले. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट कशी असावी याचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. त्या चौकटीत वेतन आणि सुटी यांबरोबरच आळाचाही विचार झाला पाहिजे, अशी मागणी संघटनांनी आग्रहाने मांडावी: ब्युरोंची सक्तीची नोंदणी, लेखी करार, चौकशीच्या काळातील वेतनाची जबाबदारी, आणि खोट्या आरोपाबद्दल नुकसानभरपाई. मालकाकडून घरात येणाऱ्या बाईची पोलीस पडताळणी सर्वत्र मागितली जाते. ज्या घरात ती जाणार, त्या घराची पडताळणी कोण करतो?

समितीचा अहवाल आणि कायदा यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आमच्या वाचकांपैकी, आणि पक्षाच्या सभासदांपैकीही, अनेकांच्या घरी आई-वडिलांसाठी अशी बाई येते, हे आम्ही जाणतो. कामाच्या पहिल्या दिवशी दागिने व रोकड कुलपात ठेवून चावी घरच्या माणसाने आपल्याजवळ घ्यावी. खोलीत उरलेल्या मौल्यवान वस्तूंची यादी करून तिच्यावर दोघांनी सह्या कराव्यात आणि एक प्रत तिला द्यावी. ज्या वस्त्यांतून या स्त्रिया कामाला जातात, तेथील शाखांनी एक दूरध्वनी क्रमांक ठरवावा, तो प्रत्येकीला पाठ करावयास लावावा, आणि रात्री अकरा वाजता तो वाजला तर कोणत्या कॉम्रेडने ठाण्यावर जावयाचे हे आजच नक्की करावे.