बीजप्रक्रियेची सार्वजनिक जबाबदारी

प्रतापनगरच्या स्थानकावरून डभईकडे निघालेल्या गाडीने शहराची हद्द ओलांडली की कपाशीचा आणि तुरीचा मुलूख सुरू होतो. आणि ज्या तुरीच्या वरणावाचून आम्हा बडोदेकर मराठी माणसांचे जेवण पुरे होत नाही, त्या तुरीचा जुना वैरी मातीतच, नजरेआड, वस्ती करून असतो. शेतकरी ज्यास ‘मर’ म्हणतात तो हा रोग फ्युजेरियम उडम नामक बुरशीमुळे होतो, हे एडविन बटलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी दाखवून दिले. ही बुरशी मुळावाटे शिरून जलवाहिन्या रोधते, खोड उभे चिरल्यास आत काळपट रेषा आढळतात, आणि पीक फुलांशेंगांवर आलेले असताना, म्हणजे रयतेचे बियाणे, खत, मजुरी असे सारे भांडवल जमिनीत गेल्यावर, हिरवे झाड उभ्याउभ्या वाळते. कापणीनंतर उरलेल्या धसकटांत ती कित्येक वर्षे तग धरते.

बियाण्यास रासायनिक बुरशीनाशक चोळल्याने उगवणीच्या काळात रोपांचे रक्षण होते, हे निर्विवाद आहे. परंतु त्या औषधाचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो आणि मर तर बहुधा त्यानंतर कित्येक महिन्यांनी पूर्ण रूपात प्रकट होते. ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीचे महत्त्व येथेच आहे. 1932 साली वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखविले की ही बुरशी रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढून त्यांवर उपजीविका करते. तिची पाचक द्रव्ये शत्रूच्या पेशीभित्ती विरघळवितात, आणि मुळांतून पाझरणाऱ्या अन्नावर ती आधी हक्क सांगते. बियाण्यावर लावलेली ही बुरशी मुळांबरोबर वाढत जाते. तसाच उपकारक असा स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स हा जीवाणू मातीतील लोह आपल्याकडे ओढून घेऊन रोगकारकाची उपासमार करतो.

या बीजप्रक्रियेची रीतही सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहे. किलोभर बियाण्यास ट्रायकोडर्माची सुमारे 5 ग्रॅम भुकटी पुरते. म्हणजे हेक्टरी 12 ते 15 किलो तूर पेरणाऱ्यास 60 ते 75 ग्रॅम. बियाणे किंचित ओलावून, हलक्या हाताने चोळून, सावलीत सुकवून लगेच पेरावे, आणि नत्र स्थिर करणारे रायझोबियम सर्वांत शेवटी लावावे. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके मात्र ट्रायकोडर्माचाच घात करतात, म्हणून दोहोंची सरमिसळ टाळावी.

एवढे सोपे साधन असूनही शेतकऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही, याचे कारण त्याच्या अज्ञानात शोधणे मला अन्यायाचे वाटते. ट्रायकोडर्मा ही जिवंत वस्तू आहे आणि आपली बाजारव्यवस्था तिला निर्जीव जिन्नसाप्रमाणे वागविते. 1968 च्या कीटकनाशक कायद्यान्वये तिची नोंदणी होते, आणि ग्रॅममागे किमान 20 लक्ष जिवंत घटक असावेत असा दंडकही आहे. परंतु कारखान्यातून निघताना खरा असलेला तो आकडा वैशाखातल्या पत्र्याच्या गुदामात महिनाभर पडून राहिल्यावर खरा उरतोच, असे नाही. मृत भुकटी चोळून पीक वाळले की शेतकरी शास्त्रालाच दोष देतो.

रोगप्रतिकारक वाण असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. मराठवाड्यातील बदनापूर केंद्राच्या बीएसएमआर 736 सारख्या वाणांनी मोठे कार्य केले आहे आणि पीक-फेरपालटाचे महत्त्वही वादातीत आहे. रोगाने ग्रासलेल्या शेतात केवळ बीजप्रक्रियेने निभाव लागणार नाही, हेही मी मान्य करतो. परंतु वाण, फेरपालट, कुजलेल्या शेणखतातून दिलेले ट्रायकोडर्मा आणि बीजप्रक्रिया ही परस्परपूरक साधने आहेत, आणि त्यांतील सर्वांत स्वस्त साधन केवळ पुरवठ्याच्या बेपर्वाईने वाया जावे, हे असह्य आहे.

हा पुरवठा सुधारण्याचे काम बडोद्यास अशक्य नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 मध्ये याच शहरात अन्योन्य सहकारी मंडळी स्थापिली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही अस्तित्वात नव्हता. आज येथील मॉडेल फार्मवर आणंद कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र आहे आणि तालुक्यातालुक्यांत सहकारी मंडळ्या आहेत. या मंडळ्यांनी आपली मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी, ट्रायकोडर्माचे संवर्धन पेरणीच्या तोंडावर ताजे तयार व्हावे, ते थंड जागेत साठवावे, आणि कृषी खात्याच्या तपासनीसांनी कारखान्यातील नमुन्यांबरोबर दुकानातील नमुनेही तपासून त्यांचे निकाल तालुक्याच्या कचेरीत जाहीर लावावेत. मुदत संपलेला माल विकणाऱ्याचा परवाना रद्द करण्यास सरकारने कचरू नये.

शेतकरी बंधूंना माझी विनंती आहे की पाकिटावरील उत्पादनाची तारीख पाहिल्यावाचून पैसे देऊ नका, आणि जुना माल पुढे करणाऱ्यास तो परत करा. ताजे संवर्धन मिळणे हा तुमचा हक्क आहे. आणि तो वेळेवर मिळवून देणे हे शासनाचे आणि सहकारी मंडळ्यांचे कर्तव्य आहे.