दैवाला दोष देऊ नका!

वृत्तपत्राच्या कचेरीत रोज रात्री निधनवार्तांचा जो मजकूर येतो, त्यावरून संपादकाची नजर सवयीने फिरून जाते. गेल्या आठवड्यात मात्र ती एका नावावर अडखळली. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी एका शाळेच्या हजेरीपटावरून ते नाव आम्ही रोज पुकारीत होतो आणि मागच्या बाकावरून 'हजर' असे खणखणीत उत्तर येत होते. वय वर्षे ४६. कारण, हृदयविकाराचा तीव्र झटका. मागे पत्नी, दोन शाळकरी मुले आणि वृद्ध आई. ईश्वरेच्छेपुढे कोणाचे काय चालणार, असे नातलगांनी अखेरीस लिहिले होते. शोकाकुल माणसाच्या मुखी हे उद्गार शोभतात आणि त्यांच्याशी कोणी वाद घालू नये. परंतु आज, २९ सप्टेंबर रोजी, जगभर हृदय दिन पाळला जात असताना समाजाने स्वतःला एक कठोर प्रश्न विचारलाच पाहिजे. जे आपण ईश्वरेच्छेच्या खात्यावर मांडतो, त्यातले किती आपल्या स्वतःच्या नावावर मांडावयास हवे?

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिलेले आहे. ५२ देशांतील रुग्णांची पाहणी करून 'इंटरहार्ट' नावाचा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्याने असे दाखविले की, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका अवघ्या नऊ गोष्टींशी निगडित आहे. धूम्रपान, रक्तातील घातक चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा वाढता घेर, मनावरील ताण, फळे-भाज्यांची आणि व्यायामाची उणीव यांचा त्यांत समावेश होतो. याच अभ्यासाच्या आधारे २००७ साली जे निष्कर्ष पुढे आले, ते तर आपली झोप उडविणारे आहेत. इतर देशांत पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५९ च्या घरात असताना दक्षिण आशियातील लोकांत ते ५३ होते! कारणे मात्र तीच होती; फक्त ती आपल्याकडे लवकर येऊन ठाण मांडतात.

या कारणांपैकी एकाचा शोध कसा लागला, याची हकीकत मुंबईकराने मुद्दाम ऐकावी अशी आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत एक चालक असे आणि एक कंडक्टर. दोघांचा पगार, वस्ती आणि राहणी साधारण सारखीच. चालक दिवसभर बसून राही. कंडक्टर मात्र तिकिटांसाठी जिना चढत-उतरत असे आणि दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढून जाई. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांची नोंद तपासली आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी, उशिरा आणि सौम्य स्वरूपात आढळत होता. चालक मुळातच स्थूल असतील, अशी शंका पुढे निघाली. मॉरिस यांनी ती झटकून टाकली नाही. त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली आणि चालकांचे कंबरपट्टे खरोखरच मोठे असल्याचे १९५६ साली स्वतःच जाहीर केले. पुढे त्यांनी सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांतही, जे फावल्या वेळी अंग घामेजेल असा व्यायाम करीत, त्यांना हा विकार कमी जडत होता. मॉरिस स्वतः २००९ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी निवर्तले.

आता आपण सुशिक्षित, पांढरपेशे नागरिक आपला दिवस कसा घालवितो ते पाहा. दारातून रिक्षा, कचेरीत लिफ्ट, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी फरसाणाची बशी, रात्री दहाला जेवण आणि त्यानंतर फोनच्या उजेडात मध्यरात्र! चाळीतल्या मागच्या पिढीला तीन जिने चुकत नव्हते. आपण दुसऱ्या मजल्यासाठीही लिफ्टची वाट पाहत उभे राहतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ सांगते. आपले लोणचे, पापड आणि फरसाण ही मर्यादा न्याहारीपासूनच ओलांडू लागतात. तंबाखूविषयी तर बोलावयासच नको. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी असूनही कचेऱ्यांच्या फाटकाबाहेर धुराचे ढग रोज दिसतात. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्याने उतरतो, ही आशेची वार्ता मात्र त्या ढगांतून कोणाच्या कानी जात नाही.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते : 'आमच्या आजोबांनी विड्या ओढीत नव्वदी गाठली!' गाठली असेल. पुस्तक न उघडता एखादा मुलगा उत्तीर्ण होतो. म्हणून कोणी शिक्षक साऱ्या वर्गाला अभ्यास सोडा असे सांगत नाही. आनुवंशिकता आपल्या हाती नाही हे खरे. पण ज्याच्या घराण्यात हा विकार आहे, त्याने तर अधिकच जपावयास हवे. रक्तदाब बहुधा मुकाट्याने वाढत असतो. तो मोजून घेण्यास पाच मिनिटे लागतात आणि तीही आपण पुढच्या महिन्यावर ढकलतो! घरातील स्त्रीची तर तपासणीच होत नाही. तिचा थकवा कामाचा आणि तिची धाप वयाची, असे आपण परस्पर ठरवून टाकतो.

परंतु सारा दोष नागरिकाच्या माथी मारून राज्यकर्त्यांनी नामानिराळे होणे आम्हांला मान्य नाही. माणसांना चाला म्हणून उपदेश करावयाचा आणि चालावयास पदपथ ठेवावयाचा नाही, हा कुठला न्याय? अर्धा पदपथ गाड्यांनी अडविलेला, उरलेला खोदलेला, आणि मुलांच्या मैदानांवर नाना संस्थांचे फलक! फिनलंडमधील नॉर्थ करेलिया प्रांतात हृदयविकाराने तरुण माणसे पटापट मरत होती. तेथील लोकांनीच १९७१ साली सरकारकडे गाऱ्हाणे नेले आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली मोहीम सुरू झाली. गृहिणींच्या मंडळांनी स्वयंपाकाची रीत बदलली, उत्पादकांनी पदार्थांतील चरबी आणि मीठ घटविले. काही दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. लोक आणि शासन एका दिशेने चालू लागले म्हणजे काय घडते, याचा हा धडधडीत पुरावा आहे. वनस्पती तुपातील घातक चरबीवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घालून आपल्या देशानेही एक चांगले पाऊल टाकले. महापालिकेने आता पदपथ मोकळे करून दुसरे टाकावे.

आणि शाळांनी कवायतीचा तास सांभाळावा. येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. शिक्षक असताना, परीक्षा जवळ आली की कवायतीचा तास आम्ही व्याकरणासाठी मागून घेत असू आणि मुले हिरमुसली होऊन खिडकीतून मैदानाकडे पाहत बसत. त्यांत तो मागच्या बाकावरचा मुलगाही होता. त्या तासांनी त्याचे आयुष्य वाढले असते, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण बसून राहणे म्हणजेच शहाणपण, हा संस्कार आम्हीच त्या वर्गावर केला, ही टोचणी आता जाणार नाही.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे साधे आहे. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चाला. जिना दिसला तर चढा. तंबाखू सोडा, ताटातले मीठ कमी करा, पुरेशी झोप घ्या आणि रक्तदाब याच आठवड्यात मोजून घ्या. छातीत दाटून आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर त्याला पित्त म्हणू नका; सोडा पिऊन पडून राहू नका. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि इस्पितळ गाठा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड आहे. या विकारात तेवढी सवड मिळेलच असे नाही. आपल्या निधनवार्तांच्या रकान्यात चाळिशी-पन्नाशीतली नावे दिसू नयेत, एवढीच एका जुन्या शिक्षकाची इच्छा आहे.